भाऊ चाकणची कंपनी सोडून फुल टाइम डिलिव्हरी करतोय, हातात खरंच किती उरतं?

हडपसरची_ताई

नमस्कार सगळ्यांना, धाकट्या भावाचा विषय आहे. वय २४, आयटीआय फिटर, चाकणला ठेकेदारामार्फत कंपनीत होता, हातात साडेपंधरा यायचे, पीएफ कापायचे आणि ईएसआयचं (सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड पण होतं. दिवाळीनंतर ते सोडलं आणि आता दिवसभर गाडीवर, दुपारी-रात्री फूड डिलिव्हरी आणि मधल्या वेळेत पार्सल. गेल्या महिन्यात ॲपमधला आकडा आईला दाखवला, २९ हजार, आई एकदम खूश. मला मात्र पोटात गोळा येतो, कारण हा रात्री साडेबाराला घरी येतो, ताट झाकून ठेवलेलं असतं आणि अर्ध्या वेळा न जेवताच झोपतो.

परवा एका स्थळाकडून फोन आला, मुलगा कुठे कामाला आहे म्हणून विचारलं, तर आई म्हणाली कंपनीत. भाऊ तिथेच बसला होता. काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा उतरलेला मी बघितला.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. २९ मधले खरे किती उरतात? आणि उद्या गाडीवरून पडला तर कोण बघणार? नीती आयोगाच्या रिपोर्टमधे वाचलं की २०२०-२१ मधे देशात अशी कामं करणारे ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील, म्हणजे हे काम काही कुठे जात नाही. त्याला नोकरीला परत जायला सांग असं कृपया कोणी लिहू नका, निर्णय त्याचा आहे, मला फक्त नीट समजून घ्यायचंय.

कात्रज_ते_बाणेर

ताई मी तीन वर्षं हेच केलंय म्हणून हिशोब सांगतो, तो रोज किती फिरतो ते विचार आणि आकडे त्याप्रमाणे बदल. दिवसाला १२० किमी आणि ४५ चं ॲव्हरेज धरलं तर पावणेतीन लिटर पेट्रोल, १०४ च्या भावाने २८० रुपये, २६ दिवसांचे झाले सात हजार तीनशेच्या आत. महिन्याला तीन हजारच्या वर किमी पडतात, म्हणजे घरच्या गाडीचं जे सर्व्हिसिंग वर्षातून दोन-तीनदा होतं ते ह्या गाडीला दर महिन्याला लागतं, ऑइल आणि ब्रेक लायनर धरून ९०० रुपये. मागचा टायर मला सहा महिनेच जायचा आणि चेन सेट वर्षभर, त्यासाठी महिन्याला ५०० बाजूला ठेवायचे. रिचार्ज ३५०. आणि बाहेर राहिलं की चहा-वडापाव होतोच, ते सतराशे. सगळं वजा केलं तर अठरा हजारच्या आसपास राहतात, आणि गाडीचा हप्ता चालू असेल तर पंधराच्या खाली. कंपनीत साडेपंधरा हातात येऊन वर पीएफ होता हे लक्षात घे. आणि तास विचार, मी लॉगिन करून बसायचो १२-१३ तास, पैसे मिळायचे फक्त ऑर्डर असेल तेवढ्याचे.

आता दुसरा प्रश्न, हा जास्त महत्त्वाचा आहे. २०२३ च्या जुलैमधे मी वारज्याला पुलाखाली घसरलो, खांद्याजवळचं हाड मोडलं. ॲपचा विमा होता पण माझी शेवटची ऑर्डर दहा मिनिटांपूर्वी देऊन झाली होती, मी लॉगआउट करून घरी निघालो होतो, त्यामुळे तो लागू नाही असं सांगितलं. गाडीचा क्लेम टाकला तर सर्व्हेअरने सरळ विचारलं गाडी कशासाठी वापरता, मी खरं सांगितलं आणि क्लेम नाकारला गेला, कारण साध्या खाजगी पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी गाडी चालवणं बसत नाही. पॉलिसी काढताना हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. हॉस्पिटल आणि गाडी मिळून ३८ हजार गेले आणि दोन महिने घरी बसलो त्याची कमाई वेगळी गेली.

म्हणून त्याला सांग, गाडीची पॉलिसी घेताना डिलिव्हरीचं काम करतो हे लिहून द्यायचं, प्रीमियम थोडा जास्त पडला तरी चालेल. स्वतःच्या नावावर अपघाताची वेगळी पॉलिसी. आणि बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला फक्त २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं मोठं अपंगत्व आलं तर २ लाख. हे आजच्या आज करून टाका. मोडलेल्या हाडाचा खर्च त्यात मिळत नाही पण म्हणून सोडू नका.

ब्रेकवाला

हिशोब बरोबर आहे दादा, पण दुसरी बाजू पण लिहितो. मी चाकण-रांजणगाव मिळून पाच वर्षांत चार कंपन्या केल्या, सगळ्या ठेकेदारामार्फत. सहा-सात महिने झाले की ब्रेक, परत नवीन गेट पास, परत तळापासून सुरुवात. पीएफचे पैसे काढायला प्रत्येक वेळी जुन्या ठेकेदाराच्या मागे फिरायचं. ताईंच्या भावाने पक्की नोकरी सोडलेली नाही, एक कच्चं सोडून दुसरं कच्चं धरलंय. तिथे सुट्टी मागितली की सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलायचा, इथे निदान आजारी पडलं तर फोन बंद करून झोपता येतं. पोरं का सोडतात ते एकदा त्याच्या जागी बसून बघा.

नाशिकचा_अनुवादक

मी घरी बसून फ्रीलान्स अनुवाद करतो, नऊ वर्षं झाली. आमच्याकडे त्रास पेमेंट अडकण्याचा असतो, पण त्यावर थोडं तरी हत्यार आहे. उद्यम नोंदणी म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी फुकट होते, ती केली की लहान उद्योगांच्या (एमएसएमई) कायद्याप्रमाणे समोरच्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते. माझं एक आठ महिने रखडलेलं बिल नोटीस पाठवल्यावर दहा दिवसांत आलं.

पण माझ्यात आणि ताईंच्या भावात मोठा फरक आहे तो म्हणजे रेट. मी शब्दाला किती घ्यायचे ते मी ठरवतो, पटलं नाही तर काम नाकारतो आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस परत विचारतो. त्याचा रेट ॲप ठरवतं, रात्रीतून बदलतं आणि ऑर्डर नाकारल्या तर रेटिंग खाली. दोघांनाही गिग वर्कर असं एकच नाव लावून मोकळे होतात हे मला पटत नाही.

गुलटेकडीकर

हा धागा वाचून वडिलांची आठवण आली म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

वडील मार्केट यार्डात हमाल होते. सकाळी एका आडत्याचे कांदे, दुपारी दुसऱ्याचा गूळ, संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक खाली करायचा. कोणाचेच नोकर नाही आणि सगळ्यांचं काम. त्यांच्या वडिलांच्या वेळी पाठ गेली की माणूस गावाला परत, हातात काही नाही, आणि विचारायला गेलं तर आडते म्हणायचे हा आमचा कामगारच नाही. आज ॲपवाले पार्टनर म्हणतात त्यात आणि ह्यात मला तरी काही फरक दिसत नाही.

पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी एकत्र केले आणि १९६९ मधे महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी आहे. कायद्याने एक मंडळ केलं, हमाल त्या मंडळाकडे नोंदलेला, व्यापारीही त्याच मंडळाकडे नोंदलेला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठराविक टक्के जास्तीची रक्कम, मंडळात भरायची, मंडळ हमालाला पगार देणार आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना बघणार. मालक दहा असले तरी खातं एकच. वडिलांच्या पेटीत हुक असायचा आणि त्याच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत मंडळाची पगाराची चिठ्ठी, दर महिन्याची, घडी घालून. मी त्या पीएफवर डिप्लोमा केला. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारे निघाले ते खरं आहे आणि ते बंद झालंच पाहिजे, पण म्हणून मूळ रचना वाईट ठरत नाही.

ॲपवर तर हे अजून सोपं आहे, कारण प्रत्येक ऑर्डरची नोंद आधीच कॉम्प्युटरमधे असते. राजस्थानने २०२३ मधे असा कायदा सगळ्यात आधी केला, कर्नाटकाने २०२५ मधे केला, तिथे प्रत्येक व्यवहारात कामगाराला जे मिळतं त्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपनीने भरायचं आहे. ही आपली लेव्हीच झाली! केंद्राचा सामाजिक सुरक्षा कायदा २०२० चा आहे पण लागू झाला २१ नोव्हेंबर २०२५ ला, त्यात कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के फंडात द्यायचे, पण कामगारांना जेवढे देते त्याच्या ५ टक्क्यांच्या वर नाही. चांगलं आहे, पण ते पैसे एका मोठ्या फंडात जातात, वडिलांसारखं स्वतःच्या नावाचं पीएफ खातं त्यातून तयार होत नाही. माथाडी कायदा जिथे झाला त्या महाराष्ट्राने ह्यात पहिला नंबर लावायला हवा होता, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ताई, भावाची ई-श्रम ह्या सरकारी पोर्टलवर नोंद करा, प्लॅटफॉर्म कामगार (ॲपवर काम करणारा) म्हणून. फुकट आहे, आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. फंडातून पुढे ज्या योजना येतील त्यासाठी नाव कुठेतरी असायला पाहिजे.

हडपसरची_ताई

सगळ्यांचे खूप आभार. काल रविवारी तो दुपारी घरी होता, त्याला हे सगळं वाचायला दिलं आणि वही घेऊन बसलो. तो रोज १४० किमी फिरतो निघाला, हप्ता ३१०० आहे, सगळं जाऊन चौदा हजारच्या थोडे खाली राहतात. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला कंपनीत परत जाणार नाही, पण पार्सलचं लांबचं बंद करतो, त्यात किमी जास्त आणि पैसे कमी, आणि रात्री ११ ला घरी. गुलटेकडीकर दादांचं त्याने दोनदा वाचलं.

ई-श्रमची नोंद काल रात्रीच केली. आज सकाळी बँकेत जाऊन २० रुपयेवाला फॉर्म भरला, वारसदार म्हणून आईचं नाव टाकलंय. तिला आता खरे आकडे माहीत आहेत, आणि पुढच्या वेळी फोन आला तर डिलिव्हरी करतो असंच सांगेन म्हणाली. गाडीची पॉलिसी मार्चमधे संपतेय, पैसे घेऊन डिलिव्हरीला वापरलेली चालेल अशी पुण्यात कोणी काढून घेतली असेल तर प्रीमियम किती बसला ते लिहा प्लीज.