चौथीचा निरोप: मुलं 3, पायाचे ठसे 2

फळ्यावरची_तारीख:
सोलापूर जिल्ह्यात वस्तीवरची आमची जि. प. शाळा. पहिली ते चौथी, पट 19, आम्ही दोघी शिक्षिका. यंदा चौथीतून 3 मुलं बाहेर पडतायत. पाचवीला 5 किलोमीटरवरच्या हायस्कूलला जातील.

परवा कपाट आवरताना 2022 च्या एप्रिलमधल्या शाळापूर्व तयारी मेळाव्याचे कागद सापडले. ही पोरं तेव्हा पहिल्यांदा शाळेत आली होती. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून ड्रॉइंग पेपरवर ठसे घेतले होते. कडा कसरीने खाल्ल्यात, रंग विटकरी झालाय, पण बोटं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट आहेत. एकजण ताटात पाय द्यायलाच तयार नव्हती. शेवटी आजीने आधी स्वतःचा पाय बुडवून दाखवला. कागदाच्या कोपऱ्यात आजीची टाचही उमटलीय. निरोपाला हेच हातात द्यायचं ठरवलं.

पण तिसऱ्याचा कागदच नाही. त्याचे आईवडील बीडकडून ऊसतोडीला आले आणि हंगाम संपल्यावर इथेच एका बागायतदाराकडे सालाने राहिले. पोरगा शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) घेऊन तिसरीत आला. दोघांना द्यायचं आणि त्याने बघत बसायचं, हे मला जमणार नाही. काय करू?

आणि हो, भाषणं नकोत. गेल्या वर्षी पाहुण्यांनी 40 मिनिटं घेतली. तेवढ्यात एकाने स्वागताचं गुलाबाचं फूल पाकळी पाकळी करून खाल्लं.

उंबरा:
त्याचा ठसा आत्ता घ्या ना, सोपंय. फक्त कुंकू सगळ्या घरांत चालतंच असं नाही. आम्ही पोस्टर कलर वापरतो, धुवायलाही बरा.

फळ्यावरची_तारीख:
कुंकवाचं बरोबर आहे, डोक्यातच आलं नव्हतं. पण एकट्याचा आत्ता घेतला तर चुकलेला गृहपाठ भरून घेतल्यासारखं दिसेल. तो समजूतदार आहे, त्याला कळेल.

निवृत्त_पण_हजर:
बाई, 34 वर्षं शाळेत काढली म्हणून सांगतो. एप्रिलात पहिला मेळावा होतो तेव्हा पहिलीची नवी पोरं शाळेत येतात आणि चौथीची अजून गेलेली नसतात. जूनमध्ये प्रवेशोत्सवाला फुगे, पुस्तकं, गोड जेवण सगळं असतं, पण चौथीवाले नसतात. म्हणजे दोघांची गाठ पडायची ती एप्रिलातच. निरोप त्याच दिवशी ठेवा. मेळाव्यात नव्या पोरांची तयारी बघायला 7 स्टॉल असतात, त्यातला एकेक तुमच्या तिघांकडे द्या. नव्या पोराचा पाय ताटात चौथीवाल्यानेच धरायचा. मग त्याच कागदावर शेजारी स्वतःचा आजचा पाय उमटवायचा. तिघांचाही. जुने कागद घरी जातील, नवे शाळेत राहतील.

दाखल्याचंही बघा. पालक जूनपर्यंत फिरकत नाहीत आणि हायस्कूलला प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. सालगड्याच्या घरी तर नक्कीच. अर्ज त्याच दिवशी भरून घ्या.

रेवडी:
मी शिक्षिका नाही, आई आहे. आमच्या मुलाला छान निरोप दिला, फोटो काढले. जूनमध्ये नव्या शाळेत तो तीन दिवस लघवीला गेला नाही, कारण मुलांची मुतारी कुठे आहे ते विचारायची लाज वाटली. निरोपाआधी एका शनिवारी तिघांना तिकडे नेऊन आणा. वर्ग, पाण्याची टाकी, मुतारी, एसटी कुठे थांबते, एवढंच दाखवा.

निवृत्त_पण_हजर:
रेवडीताईंचं आधी करा, माझं नंतर.

फळ्यावरची_तारीख:
हायस्कूलच्या मुख्याध्यापकांशी बोलले, पुढच्या शनिवारी या म्हणाले. निरोप मेळाव्याच्या दिवशीच ठेवतेय. पाहुणे म्हणून फक्त त्या आजी, आणि त्यांना आधीच सांगितलंय की बोलायचं नाही. त्या म्हणाल्या, मग येऊन करू काय?

आज मधल्या सुट्टीत त्या पोराला सहज विचारलं, नव्या पोरांचे पाय धरशील का आणि शेजारी तुझाही उमटवशील का. जरा विचार करून म्हणाला, "बाई, पण माझा पाय ताटात मावंल का?"

घरून परात नेतेय.