जोशी-अभ्यंकर खून खटला आणि हेतूचा प्रश्न

खुन्याच्या हेतूचा शोध घेतला की प्रेक्षकांच्या मनात त्याच्याविषयी सहानुभूती निर्माण होते, म्हणून माहितीपटांनी त्या वाटेला जाऊच नये, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. प्रत्यक्ष पुरावा भक्कम असेल तर हेतू सिद्ध झालाच पाहिजे असे आपले न्यायालय मानत नाही. त्यामुळे ‘का’ हा प्रश्न निकालानंतरही बहुधा शिल्लक राहतो आणि तो कोणीतरी विचारायलाच हवा.

पुण्यातील जोशी-अभ्यंकर प्रकरणाचेच पाहा. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात जक्कल, सुतार, जगताप आणि शाह या कमर्शियल आर्टच्या (उपयोजित चित्रकलेच्या) विद्यार्थ्यांनी दहा खून केले आणि 1983 मध्ये येरवड्यात ते फासावर गेले. कारण म्हणाल तर पैसा, एवढेच. पण जोशी आणि अभ्यंकर यांची घरे लुटायला गेलेल्यांनी त्या वेळी घरात असलेल्या एकालाही जिवंत का सोडले नाही, याचे उत्तर ‘पैसा’ या शब्दात मिळत नाही. शाहने तुरुंगात आत्मकथन लिहिले, ते लोकांनी वाचलेही. माझा आक्षेप आहे तो इथे: जक्कलचे नाव आजही पुण्यात सर्वांना ठाऊक आहे, मात्र मारले गेलेले काशीनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे पंडित होते, हे किती जणांना माहीत असते?