स्प्लेंडरचं इंजिन काम : सोलापुरात भरवशाचा मिस्त्री?

वडिलांची २००४ची स्प्लेंडर. जुळे सोलापूर ते होटगी रोड रोजचं. निळा धूर येतोय, ऑइल गायब. गेल्या वर्षी एकाने बोअर-पिस्टन केलं (सिलिंडर आतून घासून नवा पिस्टन), जुना माल दाखवलाच नाही. दोन महिन्यांत परत तेच. हात कुणाचा चांगलाय?

— धूर कधी येतो ते सांगा आधी. सकाळी सुरू करताना भसकन येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हवरचं ऑइल अडवणारं रबर; हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून भागतं. रेस दिली की सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा.

— मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमी. मोजून दाखवत नाही त्याच्याकडे गाडी टाकूच नका. जुना पिस्टन हातात मागा.

— पहाटे बघितलं ओ. एकदाच भसकन, मग साफ. म्हणजे सीलच, बोअरचे पैसे पाण्यात गेले की!