जुनी बाईक तापून बंद पडते, चोक ओढला की सुधारते. मदत हवी आहे

बाईक जुनी, एअर कूल्ड, सिंगल सिलिंडर, फोर स्ट्रोक. थंड इंजिन पहिल्या किकला चालू होतं. नीट तापलं की त्रास सुरू: आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिनचा वेग) आपोआप वाढतं, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो आणि चढावर पायाला अक्षरशः झळ लागते. मग बंद पडते, आणि गार होईपर्यंत कितीही किका मारा, दाद देत नाही.

चालत्या गाडीचा चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा) थोडा ओढला की लगेच सुधारते. प्लग काढला तर टोक पांढरंफटक, काजळीचा मागमूस नाही. म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय, याबद्दल मला फारशी शंका नाही. ऑइल नवीन आहे. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल म्हणून झाकण सैल ठेवूनही चालवून पाहिली, काही फरक नाही.

कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) मेकॅनिककडून साफ करून घेतलाय, पण पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारी बारीक छिद्राची नळी) खोलून फुंकला होता का ते कळत नाही. शिवाय कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर वाकवलं की बारीक भेगा दिसतात. तिथून हवा ओढत असेल तर ते घरी खात्रीने कसं तपासायचं? आणि गरम असताना चालू न होणं हे टॅपेट टाइट (म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी) असल्यामुळे असू शकतं का, की ते प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचं दुखणं?

मला ही गाडी विकायची नाही, नीट चालवायची आहे. रबर, फ्लोट लेव्हल (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी), टॅपेट: आधी कशाला हात घालू? ज्यांनी असं काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.