रीसेल फ्लॅट घेताना काय बघायचं?

प्रश्न: फ्लॅट आवडलाय, पण मालक म्हणतो टोकन लगेच द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आधी काय चेक करू?

उत्तर: टोकन अजिबात नको. वकिलाकडून टायटल सर्च (म्हणजे घराची मालकी नक्की कोणाची, याची कागदोपत्री तपासणी) करून घ्या, घरावर कर्जाचा बोजा आहे का, सगळे वारस सह्या करणार का, आणि खरं सांगू, एवढी घाई करणारा मालक मला तरी खटकतो.

उत्तर: कागदपत्रं वकील बघेल, तुम्ही भिंती बघा! एकाच भिंतीला ताजा रंग असला तर आत ओल असू शकते, बाथरूमच्या मागच्या बाजूला बोटाने ठोकून बघा, सुटलेलं प्लास्टर पोकळ वाजतं. जमलं तर भर पावसात जा.

उत्तर: मेंटेनन्सची थकबाकी नाही हे लेखी घ्या, तोंडी नको.

प्रश्नकर्ता: वारसांचं डोक्यातच नव्हतं, घर अजून त्याच्या वडिलांच्या नावावर आहे 😬

उत्तर: मग तर थांबाच.