मुलांना कणखर करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

माणदेशी

गेल्या रविवारी मुलाच्या शाळेत क्रीडास्पर्धा होत्या. वय अकरा. रिलेत त्याच्या हातून बॅटन पडली आणि टीम शेवटची आली. पोरगं रडलं, ते साहजिक आहे. पण संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागणी सुरू झाली की पुढच्या वर्षीपासून भाग घेणाऱ्या प्रत्येकाला पदक द्या, हरलेल्या मुलांच्या मनावर परिणाम होतो. तीसेक जणांनी अंगठे दाखवले. विरोध केला तो मी एकट्यानं. त्यावरून घरात दोन दिवस अबोला आहे.

माझं गाव माण तालुक्यातलं. सहावीच्या सुट्टीत चुलत्यांनी मला तरंगायला म्हणून पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून विहिरीत ढकललं. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, मे महिन्यातही दोन पुरुष पाणी होतं. चौथ्या दिवशी बिंडा सोडला आणि परत ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं, मी चुलत्यांना शिव्या घातल्या. आठव्या दिवशी मी आपणहून धावेवरून सूर मारला. २००९ मध्ये नोकरी गेली, पाच महिने घरी बसायची वेळ आली, तेव्हा मला ती विहीर आठवायची. बुडतोय असं वाटलं तरी हातपाय मारत राहायचे, हे अंगात मुरलेलं होतं.

म्हणून मी मुलाला मंडईत एकट्याला पाठवतो. सुटे पैसे कमी आणले तर परत पाठवतो. कॅरममध्ये त्याच्याशी मुद्दाम हरत नाही. मन वापरलं तरच घट्ट होतं. आपण मुलांच्या वाटेतला प्रत्येक खडा उचलत बसलो, तर उद्या खऱ्या ठेचेला ती उभी कशी राहणार? पटत नसेल तर सांगा, पण खरं कारण सांगा.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, सतरा वर्षं झाली. खरं कारण सांगते.

गेल्या वर्षी आमच्याकडे ताणतणावावर कार्यशाळा झाली. डबल ड्यूटी करून आलेल्या आम्ही तिथं बसून दीर्घ श्वास घेतले. पाहुण्यांनी सांगितलं, मन कणखर करा, परिस्थिती बदलत नसते, आपण बदलायचं असतं. त्याच रात्री वॉर्डात बेचाळीस पेशंट आणि आम्ही दोघी, त्यातली एक ट्रेनिंगची मुलगी. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. पहाटे तीनच्या सुमारास एक आजी गेल्या. त्यांची मुलगी शेजारी उभी होती. तिला जवळ घ्यायच्या आत पलीकडच्या बेडचा ऑक्सिजन पडायला लागला. “बसा इथं, आलेच,” म्हणून गेले ती सव्वा तासानं परत आले. ती तिथंच बसली होती, आईच्या चपला मांडीवर घेऊन.

त्या रात्री माझं मन कमकुवत नव्हतं. माणसं कमी होती. तुमच्या मुलाला आज मंडईत पाठवा, माझी हरकत नाही. पण मोठा झाल्यावर तो जिथं नोकरी करेल तिथं हाच शब्द त्याच्यावर फिरवला जाईल. पगार थकला, रजा नाकारली, दोघांचं काम एकट्यावर पडलं, तर म्हणतील कणखर हो. आणि तो घरातून हेच शिकून गेला असेल की बोलणारा तो कच्चा. मला त्याची भीती वाटते.

लाकडीखांब

मी मल्लखांब शिकवते, बावीस वर्षं. माणदेशींचा मुद्दा मला अर्धा पटतो.

सवयीनं भीती जाते, हे रोज डोळ्यांनी बघते. खांबाला एरंडेल लावलेलं असतं, मूल पहिल्यांदा अढी घालून उलटं होतं तेव्हा त्याच्या मांड्या थरथरतात. पंधरा दिवसांत तेच मूल उलटं लटकून शेजारच्याशी गप्पा मारतं. समजावून हे होत नाही, करूनच होतं. खांबावरून पडलेल्या मुलाला मी त्या दिवशी घरी पाठवत नाही. पुन्हा खांबाला हात लावायचा आणि मगच जायचं. पण जिथून पडलं तिथवर त्याला परत चढवत नाही. सलामी, खालची एक साधी अढी, बस. वरच्या उडीसाठी गुरुवार आहे.

आणि आम्ही आधी उतरायला शिकवतो. खाली कसं यायचं हे अंगात बसलेलं मूल बेधडक वर जातं. ज्याला नुसतं वर ढकललंय, ते टोकाला खांब कवटाळून बसतं. मग मला शिडी लावून त्याला उतरवावं लागतं, आणि नंतर त्याचा महिना वाया जातो.

पदकाबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूची. कोणाला दसरंगासारखा अवघड प्रकार येतो आणि कोणाला येत नाही, हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. सगळ्यांना पदक देऊन फसतात ते पालक.

जुनीअभ्यासिका

मलाही काही सांगायचं आहे.

पेठेत सहा वर्षं स्पर्धा परीक्षा केली. कॉट बेसिसवर राहायचं, मेसचा डबा, सकाळी सातला अभ्यासिकेत खुर्ची धरायची. निकालाची पीडीएफ आली की सीट नंबर टाकून शोधायचं, नाही सापडला की एक आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा टाकायचं. दोनदा पूर्व निघाली, एकदा मुख्य सव्वादोन मार्कांनी गेली. दर वेळी सगळे पाठीवर थाप मारून म्हणायचे, खचू नकोस, कणखर राहा. मी राहिलो. इतका राहिलो की वडिलांनी अर्धा एकर विकल्याचं मला आठ महिन्यांनी कळलं.

ज्या दिवशी पुस्तकं रद्दीत घातली, त्या दिवशी जे बळ लागलं तेवढं सहा वर्षांत कधी लागलं नव्हतं. गावी गेलो, पारावर बसलेल्यांच्या समोरून चालत गेलो. ते चालणं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम. पण त्याला कोणी कणखरपणा म्हटलं नाही. “सोडलं का शेवटी?” एवढंच विचारलं.

माणदेशी दादा, विहिरीत हातपाय मारायला शिकवलंत, छान केलंत. विहिरीतून बाहेर कधी यायचं, ते कोण शिकवणार?

घाटावरचा

भावा, राग मानू नकोस. सहावं वर्ष म्हणजे हट्ट झाला. कणखरपणा आणि हट्ट ह्या दोन गोष्टी आहेत. तुझ्या उदाहरणावरून माणदेशींचं म्हणणं खोटं ठरत नाही.

जुनीअभ्यासिका

राग नाही. पण पास झालो असतो तर ह्याच सहा वर्षांना तुम्ही जिद्द म्हणाला असता, आणि माझा सत्कार त्याच पारावर झाला असता. निकालानंतर नाव बदलतं, आतून दोन्ही अगदी सारखंच लागतं. तिसऱ्या वर्षी बसलेल्या पोराला हा फरक कसा कळावा?

ठाणेकर_समुपदेशक

दोन गोष्टी सांगतो, कारण दोन्ही इथल्या वादाला थेट लागू आहेत.

१९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. क्रूरच म्हणावा असा होता. दोन गटांना सारखेच विजेचे धक्के दिले. एका गटाला डोक्यानं फळी दाबून धक्का थांबवता येत होता, दुसऱ्याला काही केलं तरी येत नव्हता. नंतर दोघांनाही अशा पेटीत ठेवलं जिथं छोटा अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातल्यांनी उडी मारली. दुसऱ्या गटातले बरेचसे पडून राहिले. त्रास दोघांना तेवढाच झाला होता. २०१६ मध्ये याच दोघांनी आपल्याच सिद्धान्तात दुरुस्ती केली: हतबल होणं हा मेंदूचा मूळ प्रतिसाद आहे, शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं फरक पडतो’ हे.

दुसरं, हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी पुढची काही दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे किमान एक भरवशाचं मोठं माणूस. आईबापच असं नाही, आजी, शिक्षिका, शेजारीण कोणीही.

तेव्हा मंडईतला फेरा मुलाच्या हातातला आहे, त्यातून तो घडेल. रात्रपाळीताईंच्या बेचाळीस पेशंटांचं गणित त्यांच्या हातात नाही. दोन्हीला एकच औषध देता येत नाही. आणि कोणाला झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

माणदेशी

सगळं दोनदा वाचलं. काल रात्री चुलत्यांना फोन केला. विहिरीचा विषय काढला तर म्हणाले, “तुला ढकलला तेव्हा मी खाली पाण्यातच होतो की. वरून ढकलणारा शिरपा.” हे मला अजिबात आठवत नव्हतं. चाळीस वर्षं मी ती गोष्ट ‘एकटा बुडत होतो’ अशी सांगत आलोय.

दुसरंही बोलले. त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावालाही ढकललं होतं. तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. आज पन्नाशीला आला, अजून विहिरीच्या काठाला जात नाही, मोटर चालू करायला बायकोला पाठवतो. आम्ही सगळे त्याला भित्रा म्हणून हसत आलो. मीही हसलोय. त्याचं वाईट वाटलं.

ताई, तुमच्या वॉर्डाला माझं म्हणणं लागू नाही, हे मान्य. तक्रार करणारा कच्चा, असं मी मुलाला कधी म्हटलेलं नाही, पण माझ्या वागण्यातून त्यानं ते घेतलं असू शकतं. बॅटन पडली ते त्यानं मला सांगितलंच नव्हतं, आईला सांगितलं.

पदकाबद्दल माझं मत तेच आहे. ग्रुपवर ते मागे घेणार नाही.

रात्रपाळी

तुमचं मत तुमच्याकडे ठेवा. पण त्यानं तुम्हाला का सांगितलं नाही, ते पदकापेक्षा मोठं आहे. आज माझी रात्रपाळी आहे, निघते.

माणदेशी

हो, तेच डोक्यात आहे. काल संध्याकाळी गच्चीवर गेलो तर तो बहिणीला घेऊन लाटण्यानं बॅटन द्यायचा सराव करत होता. सहा-सात वेळा पडलं. मी जिन्यातच उभा राहिलो. मग त्यानंच विचारलं, “बाबा, तुम्ही घेता का? ताई हळू पळते.” लाकडीखांबताई, बॅटन देताना पडू नये म्हणून काय करायचं?

लाकडीखांब

घेणाऱ्यानं मागं बघायचं नाही. देणाऱ्यानं जवळ आल्यावर हाक मारायची, ती ऐकूनच घेणाऱ्यानं हात मागं करायचा, तळवा उघडा. बॅटन तळव्यात दाबून द्यायची आणि समोरच्यानं पकडल्याशिवाय सोडायची नाही. आधी चालत चालत करा, मग पळत. लाटणं नको, निसटतं. बॅटनएवढ्या जाडीच्या पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या.