मदत हवी आहे: मध्ये एक मुद्दा घातला की पुढचे सगळे क्रमांक कोलमडतात

नमस्कार. आमच्या कामाची कार्यपद्धती-पुस्तिका माझ्याकडे आली आहे. वर्डमध्ये ८० पानं, आणि क्रमांक सगळे हाताने टाइप केलेले: ३, ३.१, ३.१.१. परवा ३.२ नंतर एक मुद्दा घालावा लागला आणि पुढचे सगळे एकेक घर सरकले. शीर्षकं बसून दुरुस्त केली, पण मजकुरातलं ‘३.५ पाहा’ तसंच राहिलं. नव्या सहकारीने ३.५ उघडलं. तिला हवी होती यंत्र बंद करायची कृती, समोर आलं साफसफाईचं वेळापत्रक. ती विचारायला आली म्हणून निभावलं. तेव्हापासून मला चैन नाही.

हे आपोआप कसं करायचं? आणि जुने क्रमांक लोकांना पाठ आहेत, ते बदलावेत का? शिवाय मुद्द्यांची यादी एक्सेलमध्ये घेतली तर ३.१० चं ३.१ होतं!

प्रतिसाद:
हातचे आकडे आधी पुसा, नाहीतर ‘३.२ ३.२’ असं दुहेरी दिसेल. शीर्षकांना हेडिंग १, २, ३ या स्टाइल लावा आणि मल्टीलेव्हल लिस्टमधला हेडिंगना जोडलेला प्रकार निवडा. मग ‘३.५ पाहा’ मधला आकडा काढून तिथे रेफरन्सेस टॅबमधून क्रॉस-रेफरन्स घाला. मात्र तो आकडा लगेच बदलत नाही, कंट्रोल-ए करून एफ९ दाबावं लागतं. छापण्याआधी हे कराच, आणि ‘एरर!’ शब्द शोधून पाहा. ज्या मुद्द्याकडे बोट दाखवलंय तोच उडाला असेल तर तिथे तो उमटतो.

पाठ झालेल्या क्रमांकांना चालू आवृत्तीत हात लावू नका. नव्या मुद्द्याला ‘३.२अ’ द्या, कायद्यातही मध्ये घातलेल्या कलमाला असाच क्रमांक देतात. रद्द झालेला आकडा दुसऱ्याला देऊ नका, ‘३.४ (रद्द)’ असंच राहू द्या. सगळं नव्याने लावायचं ते पुढच्या आवृत्तीत. माझ्या मते तीन पातळ्या पुरेत. ४.२.३.१ लागत असेल तर प्रकरणच फोडायला हवं.

एक्सेलला ते दशांश वाटतात. आकडे भरण्याआधी रकान्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. तिसरं प्रकरण झालं. १७ उल्लेख निघाले, त्यातले चार मी हात लावण्याआधीपासूनच चुकीचे होते. उद्या चौथं घेते. तक्त्यांचे क्रमांकही असेच जोडता येतात का?